पाइन हॉलोचं वॉरंट

लोरेनला कुणी सल्ला विचारला नाही तरी ती द्यायची, आणि विचारला तर मग बघायलाच नको. शाळेच्या भटारखान्यात तिच्या हाताखाली सहा बायका होत्या आणि त्या सहाही जणींची लग्नं, पोरं, दातांची दुखणी आणि नवऱ्यांचे मित्र लोरेनच्या देखरेखीखाली असायचे. चर्चमध्येही तेच. कुणाला सरकारी कागद आला की प्रार्थना संपल्यावर तो आधी लोरेनच्या हातात जायचा, मग पाद्र्याच्या. तिचं ऐकून कुणाचं वाईट झालेलं नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि तिला खोटं पाडणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

धाकट्या भावाचं, कॉर्डेलचं, प्रकरणही तिनंच हातात घेतलं होतं. घरात त्याला डेल म्हणायचे.

सेंट लुईसच्या उत्तरेला गावाला गाव इतकं चिकटलंय की एका गावात शिंकलं तर तिसऱ्या गावात 'देव भलं करो' म्हणतात. प्रत्येकाला आपापला महापौर, आपापले पोलीस आणि आपापलं कोर्ट. पाइन हॉलो त्यातलं सगळ्यांत चिमुकलं: दोन रस्ते, एक पेट्रोल पंप आणि महिन्यातून एका संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत भरणारं कोर्ट. त्या दोन रस्त्यांपैकी एकावर डेलच्या गाडीचा मागचा दिवा बंद असलेला पोलिसाला दिसला. हातात कोर्टाची तारीख पडली. तारखेला डेलची दुहेरी पाळी होती, जाता आलं नाही, आणि गैरहजर राहिला म्हणून त्याच्या नावानं वॉरंट निघालं. खून नाही, चोरी नाही, एक दिवा. पण वॉरंट ते वॉरंट.

त्याच सुमाराला त्याला मेम्फिसला एका मोठ्या गोदामात चांगली नोकरी लागली.

"तिकडेच राहायचं," लोरेननं बजावलं. "इथे रस्त्यात अडवलं की थेट आत. पाइन हॉलोवाल्यांनी सोडलं तर पुढच्या गावचे धरून बसतील. तू कोठडीत, आणि नोकरी दुसऱ्याच्या घशात. आईला मी बघते."

तेव्हा हे बरोबरच होतं. हे लोरेनच्या बाजूनं सांगायलाच हवं, कारण पुढे तिच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला डेल आला होता, चोरासारखा. गाडी लांब ठेवून मागच्या गल्लीतून चालत, मागच्या दारानं आत. आईनं पडदे ओढून घेतले आणि त्याला स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. लोरेन पुढच्या पडवीत झाडू घेऊन पहाऱ्याला उभी. पडवी स्वच्छच होती, तरी ती झाडत राहिली. तेवढ्यात पोलिसांची एक गाडी रस्त्यावरून सावकाश गेली. आतल्या पोलिसानं तिला हातही केला. लोरेन आत आली आणि म्हणाली, "डेल, ऊठ." त्याच्या बशीतली रताळ्याची 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली गोड पोळी, अर्धीच खाऊन झाली होती. आईनं ती चंदेरी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली, आणि तो आला तसा मागच्या दारानं गेला. त्यानंतर लोरेननं त्याला येऊच दिलं नाही.

आईलाही तिनं तयार केलं होतं. आईचं नाव अर्लीन, पण सगळी गल्ली तिला मिस अर्लीन म्हणायची. दार वाजलं की साखळी काढायची नाही, फटीतूनच बोलायचं, आणि कुणी डेलबद्दल विचारलं तर काय म्हणायचं ते लोरेननं तिच्याकडून घोकून घेतलं होतं: "कॉर्डेल? तो इथे राहत नाही. कुठे असतो ठाऊक नाही. दिवस चांगला जावो." मिस अर्लीनला या नाटकाची भारी हौस वाटायला लागली. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसानं नुसतं "नमस्कार बाई" म्हटलं तरी ती फटीतून ही तिन्ही वाक्यं त्याला ऐकवायची. तो बिचारा विचारायचा, "कोण कॉर्डेल?" मायलेकी नंतर हसून हसून बेजार व्हायच्या.

सुरुवातीला आई दोनदा बसनं मेम्फिसला जाऊन आली. मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बसच काय, लांबचा प्रवासच संपला. लोरेन तेवढी अधूनमधून एकटी जाऊन यायची, आईला उरला तो रविवारचा फोन. जेवणाच्या टेबलावर डेलच्या खुर्चीत फोन उभा करून ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि त्याच्याशी बोलत जेवायचं. एकूण नऊ वर्षं अशी गेली.

आता कुणी म्हणेल, नऊ वर्षांत एकानं तरी साधं जाऊन विचारायचं, की बाबांनो, वॉरंट अजून आहे का? पण तिथल्या माणसाला हे सांगून बघा. त्यांचा मावसभाऊ ओटिस. त्याला पत्र आलं होतं की तुम्हाला बक्षीस म्हणून मोठा टीव्ही लागलाय, येऊन घेऊन जा. ओटिस इस्त्रीचा शर्ट घालून, मेव्हण्याचा टेंपो मागून टीव्ही आणायला गेला. तिथे ओळीनं त्याच्यासारखेच बक्षीसवाले बसलेले, आणि पडद्यामागे पोलीस. ओटिसच्या नावावर कुठल्याशा गावचं जुनं वॉरंट होतं. टेंपो मेव्हण्यालाच जाऊन आणावा लागला. तेव्हापासून त्या घरात नियम पडला: कचेरीच्या खिडकीपाशी आपल्या माणसाचं नाव काढायचं नाही. विचारणं म्हणजे आपणच पत्ता देणं.

या वर्षी वसंतात आईचं विसरणं वाढलं. ती लोरेनला पर्ल म्हणायला लागली. पर्ल तिची बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. शेगडी चालू राहायची, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. लोरेननं आपलं बिऱ्हाड उचलून आईकडे आणलं. आणि मग एका रविवारी डेल फोनवरून नेहमीसारखा कसल्याशा माशाची गोष्ट सांगत होता, आई मक्याचा कॉर्नब्रेड ताकात कुस्करून खात होती, आणि मध्येच चमचा थांबवून तिनं विचारलं, "पर्ल, हा कोण माणूस बोलतोय? आवाज गोड आहे त्याचा."

 लोरेननं फोन उचलला आणि मागच्या अंगणात नेला.

"मी येतोय," डेल म्हणाला.

"थांब जरा."

"धरलं तर धरलं. नोकरी गेली तर गेली. ती मला पुरती विसरायच्या आत मला तिच्यासमोर बसायचंय, लोरेन. फोनमध्ये नाही. समोर."

"मी आधी बघते. नीट चौकशी करते. तोवर निघू नकोस."

"नऊ वर्षं तू बघतेच आहेस," डेल म्हणाला. तो चिडून बोलला असता तर लोरेनला उत्तर देता आलं असतं. तो चिडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली. आईजवळ शेजारणीला बसवलं आणि चर्चमधली बर्नडीन, तिची जुनी मैत्रीण, तिला सोबत घेतलं. बर्नडीन वर्णानं काळीभोर, स्वभावानं गरीब आणि गाडी चालवायला वाघीण. तिला एवढंच सांगितलं होतं की इंजिन बंद करायचं नाही.

"आपण बँक लुटायला चाललोय का गं?" बर्नडीननं विचारलं.

"तू गाडीत बस आणि गप्प बस."

वॉरंट कुठे कुठे असू शकतं, हे लोरेनला चर्चमधल्यांचे सरकारी कागद वाचता वाचता पाठ झालं होतं. प्रत्यक्ष शोधायला मात्र ती पहिल्यांदाच निघाली होती. आधी घरीच तिनं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफची यादी फोनवर काढली आणि आडनावाच्या अक्षरापासून खाली शोधत गेली. डेल नव्हता. पण शेरीफच्या यादीत फक्त शेरीफची वॉरंटं असतात, गावांची गावांकडे. मग राज्याच्या कोर्टांची यादी उघडली, पूर्ण नाव घातलं, जन्मसाल घातलं. तिथेही नाही. पण त्या यादीत सगळी गावं कुठे होती? जी सामील झाली तेवढीच. म्हणजे तिथे नाव नसणं याचा अर्थ काहीच नाही. उरला एकच मार्ग, गावोगावच्या खिडकीशी जाऊन उभं राहणं. हमरस्ता सोडून आईच्या दारापर्यंत यायला डेलला पाच गावं ओलांडावी लागणार होती. कुठे आणखी काही निघायला नको म्हणून लोरेननं पाचही करायची ठरवली.

पहिल्या गावात जाड काचेमागे एक तरुण मुलगी होती. लोरेन इतक्या हळू बोलली की भटारखान्यातल्या बायकांनी ऐकलं असतं तर त्यांना पटलं नसतं.

"मला एका माणसाची चौकशी करायची आहे. वॉरंट आहे का ते."

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा."

लोरेननं सांगितली. मुलीनं टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं. "आमच्याकडे काही नाही. आणखी कुणाचं बघायचंय?"

"तुम्ही माझं नाव नाही विचारलं."

"कशाला?" मुलगी म्हणाली. "ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, बाई. कुणीही विचारू शकतं."

लोरेन गाडीत येऊन बसली आणि तिनं बर्नडीनला इंजिन बंद करायला सांगितलं.  सगळ्यांसाठी खुली. इतके दिवस जिची तिला धास्ती होती ती खिडकी किराण्याच्या दुकानापेक्षा सोपी निघाली. मग म्हणाली, "चल पुढे."

दुसऱ्या गावात काही नाही. तिसऱ्या गावात एक म्हातारा कारकून होता, त्यानं नाव शोधायच्या आधी हवेबद्दल, बेसबॉलबद्दल आणि आपल्या गुडघ्याबद्दल सांगितलं, आणि शेवटी तिथेही काही नाही. चौथं गाव बेल आर्डन. तिथेही नाही. लोरेनला आनंद होत नव्हता. खरं वॉरंट पाचव्या गावात होतं, पाइन हॉलोत, हे तिला पक्कं माहीत होतं.

पाइन हॉलोची कचेरी होती तिथे आता केसांच्या टोपांचं दुकान होतं. काचेत डोकी मांडलेली, लाल, सोनेरी, कुरळी. लोरेननं पत्ता दोनदा पाहिला. मग आत गेली. गल्ल्यावरच्या बाईनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "कोर्ट ना? बंद झालं हो ते. लोक अजून येतात. परवा एक जण माझ्यासमोर लायसन्स ठेवून म्हणाला, मी शरण आलोय. मी म्हटलं, आलाच आहेस तर बायकोला एखादा टोप घेऊन जा." ती स्वतःच हसली. "काउंटीच्या कोर्टात विचारा. सगळे कागद तिकडे गेले."

काउंटीच्या कोर्टात रांग होती. खिडकीवरची बाई लोरेनच्याच वयाची, गळ्यात चष्म्याची साखळी. तिनं कॉर्डेलचं नाव घेतलं, जन्मतारीख घेतली आणि बराच वेळ पडद्यावर खालीवर पाहिलं. 

"हे बघा, सापडलं," बाई म्हणाली. "पाइन हॉलो. मागचा दिवा. गैरहजर. वॉरंट निघालं होतं." तिनं मान वर केली. "आणि मागे घेतलंय. मूळ प्रकरणही निकालात काढलंय. ते कोर्ट बंद करताना न्यायाधीशांनी असली सगळी जुनी वॉरंटं एकदम रद्द केली. तुमच्या भावावर काही नाही. कागद काढून देऊ?"

"कधी?" लोरेननं विचारलं.

"आत्ता, लगेच देते."

"नाही, रद्द कधी झालं?"

"या वसंतात सहा वर्षं झाली."

लोरेन बोटांवर वर्षं मोजायला लागली, तेव्हा त्या बाईला वाटलं काहीतरी चुकलं. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "दारावर नोटीस लावली होती, बाई. पेपरात दिलं होतं. प्रत्येक चर्चमध्ये माणसं पाठवली होती सांगायला. खूप लोक आलेच नाहीत. भीती असते ना."

बाहेर बर्नडीन गाडीला टेकून उभी होती. लोरेननं तिच्या हातात कागद दिला. बर्नडीननं तो वाचला, तारीख वाचली, आणि लोरेनकडे न बघता कागदाची परत घडी केली. तेवढ्यावरूनच लोरेनला कळलं की हिला काहीतरी माहीत आहे.

"बोल," ती म्हणाली.

"आपल्या चर्चमध्ये पण आली होती ती माणसं. तुला आठवत नाही?"

आठवत होतं. खिडकीवरच्या बाईनं चर्चचं नाव काढलं त्याच क्षणी आठवलं होतं. प्रार्थनेनंतरचं जेवण, तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड. कोट घातलेला एक पोरगेलासा वकील उभा राहून सांगत होता की जुनी वॉरंटं माफ होणार आहेत, येऊन फक्त नाव तपासून घ्या. आणि सॅलडचा डाव हातात घेऊन लोरेन उठली होती. "कुणी जायचं नाही," ती म्हणाली होती. "ओटिसला टीव्ही दिला, तशीच तुम्हाला माफी देतील." सगळा हॉल हसला होता. काहींनी टाळ्या वाजवल्या. तो पोरगा लाल होऊन खाली बसला. कोंबडीसुद्धा न खाता गेला बहुतेक.

"माझा भाचा गेला होता," बर्नडीन म्हणाली. "गुपचूप. त्याचं सुटलं पाच मिनिटांत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुला?" बर्नडीन म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "लोरेन, तुला कोण काय सांगतं गं?"

काउंटीच्या त्या गाडीतळावरच लोरेननं मेम्फिसला फोन लावला. बर्नडीन मुद्दाम लांब जाऊन कसल्याशा झुडपाची फुलं बघत राहिली. लोरेननं सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, चर्चमध्ये सॅलडचा डाव हातात घेऊन ती काय बोलली होती तेसुद्धा सांगितलं. पलीकडे गोदामातली यंत्रं घरघरत होती.

"म्हणजे आईचं ऑपरेशन झालं तेव्हा," डेल म्हणाला.

"हो."

"तिच्या पंच्याहत्तरीला."

"हो, डेल. तेव्हापण. मी केलं हे. माझ्या तोंडानं केलं."

तिला वाटलं, आता तो ओरडेल. त्यानं ओरडावं असं तिला मनापासून वाटत होतं. डेलनं कुठलंसं दार लावलं, यंत्रांची घरघर थांबली. मग म्हणाला, "तुला माहितीये, तो दिवा मी दुसऱ्याच दिवशी बदलला होता." आणि मग, "शनिवारी येतो. पुढच्या दारानं."

शनिवारी लोरेन सकाळपासून उभी होती. मंद आचेवर शिजवलेली डुकराच्या मानेची हाडं, पालेभाजी, कॉर्नब्रेड, रताळ्याची पाय. पडदे तिनं सगळे उघडले, पुढच्या खोलीत इतकं ऊन आलं की आईनं डोळ्यांवर हात धरला. दर थोड्या वेळानं लोरेन तिला सांगत होती, "आई, आज डेल येणार. वॉरंट संपलंय. हा बघ कागद." आई कागद बघायची, त्यावरचा शिक्का बोटानं चाचपायची आणि म्हणायची, "छान आहे, पर्ल."

भर दुपारी डेलची गाडी पुढे, अगदी दारासमोर थांबली. केस पिकलेले, पोट सुटलेलं, नवा निळा शर्ट, डोक्यावर हॅट. नऊ वर्षांत लोरेननं त्याला मेम्फिसला कितीदा तरी पाहिलं होतं, पण या रस्त्यावर त्याला उतरताना बघून तिला हुंदकाच आला. तो पडवीच्या पायऱ्या चढला, हॅट काढली आणि दार वाजवलं.

लोरेन उठणार तोच आई तिच्या आधी उठली. वॉकरवर भार देत, एकेक पाऊल टाकत ती दाराशी गेली. साखळी काढली नाही. दार फटीएवढं उघडलं.

"आई," डेल म्हणाला. "मी आलो गं. डेल."

फटीतून तिनं त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मग स्वच्छ, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "कॉर्डेल? तो इथे राहत नाही. कुठे असतो ठाऊक नाही. दिवस चांगला जावो."

आणि तिनं दार लावून घेतलं.

बाहेर डेल होता तिथेच उभा राहिला असणार, कारण पायांचा आवाज आला नाही. लोरेनला वाटलं, संपलं सगळं, उशीर झाला, ती त्याला ओळखतही नाही. ती पुढे झाली, "आई, अगं तो..." आणि आई वळली. तिचे डोळे कितीतरी महिन्यांत असे चमकले नव्हते. तिनं लोरेनचं मनगट पकडलं आणि कानाशी कुजबुजली.

"लोरेन, मागचं दार उघड. लवकर. डेल आलाय."

पर्ल नाही. लोरेन.

डेल मागच्या गल्लीतून आला. तोवर आईनं स्वतःच्या हातानं स्वयंपाकघराचे पडदे ओढून घेतले होते. त्याला आत घेऊन तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला आणि त्याला टेबलाशी बसवलं. त्याच्या खुर्चीत, जिथे रविवारी फोन असायचा.

"आई, आता काही भीती नाही," लोरेन म्हणाली. तिनं तो कागद टेबलावर ठेवला. "सगळं रद्द झालंय. कुणी धरणार नाही त्याला. मी स्वतः कोर्टात जाऊन आले."

आईनं कागदाकडे ढुंकूनही बघितलं नाही. "ओटिसलापण कागदच आला होता," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना मला? त्यांच्या कागदावर जाऊ नकोस म्हणून?" मग तिनं दाराकडे बोट केलं. "तू इथे काय करतेस? पडवीत जा. झाडू घे."

लोरेननं डेलकडे पाहिलं. त्यानं हळूच मान हलवली, जा म्हणून.

म्हणून लोरेन पडवीत झाडू घेऊन उभी राहिली. पडवी तिनं सकाळीच धुतली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या घरी एक मुलगी गाडी धूत होती, तिनं हात केला. आतून आईचा दबका आवाज येत होता, मग डेलचा, मग आईचं हसणं. तिला आत जायचं होतं, त्या टेबलाशी बसायचं होतं, तिघांनी मिळून जेवायचं होतं. पण हा पहारा तिनंच शिकवला होता, आणि शिकवलेलं बाकी सगळं त्या डोक्यातून पुसलं जात असताना नेमकं हेच तिथे घट्ट बसलं होतं. लोरेन झाडत राहिली आणि रडत राहिली. सहा वर्षं तिला कुणी परत देणार नव्हतं, मागितली तरी.

तासाभरात आत खुर्ची सरकली. "आता नीघ," आई म्हणत होती. "फार वेळ झाला. हे घे बरोबर." मागचं दार वाजलं.

थोड्या वेळानं डेल गल्लीला वळसा घालून पुढच्या रस्त्यानं चालत आला. हातात चंदेरी कागदात गुंडाळलेली रताळ्याची पाय. डोळे लाल. गाडी पुढेच होती, लोरेनसमोर. तो तिच्याकडे येणार होता, पण त्याची नजर तिच्या मागे खिडकीकडे गेली आणि तो थांबला. पडदा हलला होता. आई बघत होती.

डेलनं हॅट उचलली, एखाद्या परक्या बाईला करतात तशी. "दिवस चांगला जावो, बाई."

"तुमचाही," लोरेन म्हणाली.

तो गाडीत बसला आणि सावकाश निघून गेला. कोपऱ्यावर वळताना गाडीचे मागचे दोन्ही दिवे लागले.

दार किलकिलं झालं. साखळी लावलेलीच होती. "गेला का गं?"

"गेला, आई."

"कुणी बघितलं नाही ना त्याला?"

लोरेननं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "नाही, आई. कुणी बघतच नव्हतं."

"मग बरं झालं," आई म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.